कमांडर ज्या खुर्चीत बसला होता

हे मी सांगणारच नव्हते, मित्रांनो. खुर्चीनं लोकांचं ओझं घ्यावं आणि गप्प राहावं. पण मला मेलीला स्वस्थ बसताच येत नाही. मी एक जुनी झुलती खुर्ची आहे.

आमच्या बेटावरच्या महोगनीतून मला घडवलं, बूड वेताचं विणलं. माझा आताचा मालक निकानोर, त्याच्या आईनं मला ओसरीवर ठेवलं. एका दुपारी डोंगरातून एक जखमी बंडखोर पोरगा धावत आला. आईनं त्याला माझ्यात बसवलं, पांघरूण घातलं. शिपायांना म्हणाली, "भाचा आहे. तापानं फणफणलाय." शिपाई गेल्यावर तो झुलत म्हणाला, "मावशी, आमचं राज्य येऊ द्या. कुणाचं पोर अडाणी राहणार नाही."

राज्य आलं. तो कमांडर झाला. शब्द पाळला त्यानं. शाळा आल्या, दवाखाने आले. शेजारच्या बासिलिओचा सडत चाललेला पाय फुकटात वाचला. पण मग कमांडर त्याच्या त्या दुसऱ्या खुर्चीतून उठेचना. निकानोरनं जत्रेत त्याची नक्कल केली, लोक पोट धरधरून हसले, आणि निकानोरला तुरुंगात टाकलं. त्याची वाट बघत आई माझ्यातच गेली.

निकानोर सुटला तो पांढरे केस घेऊनच. तेव्हापासून तो रोज माझ्यात बसतो. समोर स्टुलावर बासिलिओ. दोघं डॉमिनो खेळतात, भांडतात. बासिलिओ माझ्यात कधीच बसला नव्हता. म्हणायचा, "ती कमांडरची जागा."

परवा कमांडर वारला. लगेच संग्रहालयाच्या बाई आल्या. मला न्यायचं म्हणे. भोवती दोरी बांधायची, कुणी बसायचं नाही. पाटी लावायची, 'मुक्तिदाता इथे बसला होता.' माझा तर जीवच गेला. बसायचंच नाही, तर मी कशाला?

"आणि माझी आई?" निकानोरनं विचारलं.

"पाटी लहान असते, काका."

"दे की रे, गाढवा!" बासिलिओ खेकसला. "तुझ्या बुडाखाली झिजण्यापेक्षा देशाच्या कामी येईल."

"मी आलो की देशाच्या कामी. दगड फोडले."

"आणि एवढी पोरं शिकली, ते नाही दिसत?"

"दिसतं. तुझा पायही दिसतो. नाचवू नकोस." निकानोर तणतणत उठला.

"मग ठेव उरावर!" म्हणत बासिलिओनं त्याच पायानं मला लाथ मारली.

मी रिकामीच झुलायला लागले.

आमच्याकडे रिकामी खुर्ची झुलली, की ती घरच्या माणसासाठी मरण बोलावते. हातानं थांबवून भागत नाही. कुणीतरी बसावं लागतं, आणि बसेल त्याच्यावर ते येतं. निकानोर पांढराफटक पडला, तरी बसायला वळला. त्याला ढकलून बासिलिओच धपकन माझ्यात बसला. डोळे घट्ट मिटलेले.

मग डोळे उघडून म्हणाला, "इथला वेत तुटलाय रे. टोचतो."

"आईच्या वेळेपासून. सगळ्यांनाच टोचतो. त्यालाही टोचला असेल."

बासिलिओ हसला की रडला, मला कळलं नाही. "बाई," तो म्हणाला, "तुमची दोरी घेऊन जा."

मित्रांनो, मला झिलई नको, पाटी नको. तुटलेला वेत विणा आणि माझ्यात बसा. आणि कोण कोण बसलं होतं, ते सांगताना कुणाला गाळू नका.

त्या दिवशी माझ्यातून उठायच्या आधी बासिलिओ म्हणाला, "निकानोर, तू आधी गेलास तर मी रोज इथे बसेन. कमांडरचं कौतुक करीनच, माझं तोंड काही तू बंद करू शकणार नाहीस. पण तुझी ती जत्रेतली नक्कलही पोरांना करून दाखवीन. वाईट करीन, पण करीन."