फळ्यावर न लिहायचं नाव

ज्वारीच्या कणसात काळी पूड. फुंकली की उडते.

देवळाच्या भिंतीला टेकवलेला एक फळा.

चार घड्या घातलेली चिठ्ठी.

सोमवार. बैल गोठ्यात.

आता जुळवू. वालूरच्या या आळीत सोमवारी बैलाच्या, म्हणजे नंदीच्या, मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून बियाणं मंडळ सोमवारीच बसायचं. ज्वारीचं बी सगळ्यांनी एकाच कणगीत ओतायचं, लागेल त्यानं न्यायचं. अडचण आली की फळ्यावर लिहायची, ठाऊक असेल त्यानं खाली उत्तर लिहायचं. मनाई एकच: कंपनीच्या बियाण्याचं नाव काढायचं नाही.

अण्णारावची ज्वारी दोन सालं काणी रोगानं काळी पडत होती. गेल्या पावसाळ्यात त्यानं बांधाकडेला चार ओळी कंपनीच्या पिशवीतलं बी पेरलं. तेवढ्याच ओळी स्वच्छ निघाल्या. पिशवीतल्या चिठ्ठीत कारणही होतं: बियाण्याला गंधक चोळले आहे. त्यानं एकट्यानं चोळून भागणार नव्हतं. इतरांचं काणीचं बी त्याच कणगीत पडायचं. मंडळाचं बी वाचवायचं तर सगळ्यांनी चोळायला हवं होतं, आणि मृग तोंडावर आला होता.

त्यानं पिशवीतल्या औषधाबद्दल फळ्यावर लिहिलं. मंडळाचे प्रमुख शिवमूर्तीआप्पा, त्यांनी उपरण्यानं पुसलं. पुढच्या सोमवारीही तेच. तिसऱ्या सोमवारी अण्णाराव उभाच राहिला.

“आप्पा, पिशवीचं नाव घेत न्हाई. तिच्यातल्या औषधाचं घेऊ का?”

“औषध कुणाचं?”

“पिशवीतलं.”

“मग तेच झालं की. लेकरू आपलं अन् कौतुक शेजाऱ्याचं.”

लोक हसले.

“शेजाऱ्याचं लेकरू आजारी का पडत न्हाई, तेवढंच इचारायलोय आप्पा.”

“आज इचारशील, उद्या कणगी रिकामी व्हईल.”

“व्हायलीच हाय,” मागून नागुबाई म्हणाली. “माझ्या घरात दोन पिशव्या हायेत. नाव तेवढं घेत न्हाई मी.”

आप्पांनी देवळातल्या नंदीला हात जोडले, म्हणजे सभा संपली. मुठीत चुरगळलेली पिशवीतली चिठ्ठी अण्णारावनं गुडघ्यावर सरळ केली आणि फळ्याच्या चौकटीत खोचली. पुढच्या सोमवारी ती तिथं नव्हती.

त्या मृगाला कणगीवर पाचच घरं आली.

शिवमूर्तीआप्पांच्या दुकानात जनावरांच्या खरजेसाठी गंधक बारा महिने असायचं.