रंगाखालचे थर

सकाळी आठ वाजता माझ्या उजव्या कुशीतून तळहाताएवढा तुकडा कापून काढण्यात आला. करवत बारीक दातांची होती. पांढरी भुकटी उडाली, कापणारीच्या भुवयांवर बसली आणि माझ्या अंगात एक चौकोनी भोक राहिले. मालक बाजूला उभा होता. तो तंबाखू मळत राहिला.

मित्रांनो, मी एक जुना डोंगा, म्हणजे मासेमारीची छोटी नाव आहे. लाकडाचा नाही, फायबरचा. गोंदिया जिल्ह्यात, कामठ्याकडच्या एका तलावावर माझे आयुष्य गेले. ते भोक का पाडावे लागले हे सांगायचे, तर जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

१९९९ साली एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडलो. साच्यात आधी निळा लेप, त्यावर काचेच्या तंतूंची चटई, त्यावर मधासारखे दाट रेझिन. रूळ फिरवून हवा काढायची, मग पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. कारागिरांचे हात दिवसभर खाजत. वाळल्यावर हे थर एकजीव झाले, असे सगळ्यांना वाटले. खरे पाहता मी एक वस्तू नाहीच. एकमेकांना घट्ट धरून बसलेले थर, एवढाच मी. त्यांची पकड सुटली की मी संपलो.

मच्छीमार सोसायटीमार्फत मी केवळराम या ढिवराकडे आलो. त्याच्या वडिलांचा लाकडी डोंगा दर वर्षी तेल मागे, डांबर मागे. मी काहीच मागत नसे. केवळराम काठावर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "जावयापेक्षा बरा हाय. खात नाही, रुसत नाही." त्या दिवसांत माझे फार कौतुक झाले. दोन माणसे मला खांद्यावर सहज उचलत.

आमचे काम असे चाले. तलावात जाळे आडवे बांधायचे. मग डोंगा फिरवत त्याच्या कुशीवर बांबूने ठोकायचे. आवाज पाण्यातून जातो आणि मासे बिचकून जाळ्याकडे पळतात. केवळरामचे वडील असेच ठोकत, त्यांचे वडीलही. पण लाकूड मार लागला की चेपते, तिथे खूण दिसते. माझ्यावर खूण उमटत नाही. बांबू बसला की माझे अंग लवते आणि जागेवर येते. वर ओरखडासुद्धा नसतो. आत मात्र दोन थरांमधली पकड थोडी ढिली होते. केवळराम उजव्या हाताचा, त्यामुळे सगळा मार एकाच कुशीवर पडला.

काही वर्षांनी मला स्वस्थता उरली नाही. भरलेले जाळे वर ओढले की माझ्या आत काहीतरी सरके. रिकामा उभा असलो तरी लाटेसरशी ते सरकणे जाणवे. पाणी गळत नव्हते. गळते तर कोणीतरी पाहिले असते. दर उन्हाळ्यात केवळराम मला पालथे घालून निळा रंग देई आणि मी नव्यासारखा दिसे. मग त्याचा खांदा धरला. जाळे ओढायला त्याची बायको धुरपता सोबत येऊ लागली. तिला पोहता येत नव्हते. तेव्हापासून ती पाय ठेवायची त्या प्रत्येक सकाळी माझी तगमग वाढे.

२०१२चा उन्हाळा. तलाव आटत आला होता आणि थोड्या पाण्यात मासे दाटले होते. हेच कमाईचे दिवस. रंगाचा डबा उघडून केवळराम माझ्यावर वाकला होता, तेवढ्यात खुशबू आली. शेजारच्या गावातल्या रत्नपाल मास्तरांची ही मुलगी. नागपूरला इंजिनिअरिंग कॉलेजात ती संशोधन करत होती. विषय हाच, माझ्यासारख्या थरांच्या वस्तू मार खाऊन आतून कशा सुटतात आणि कधी मोडतात. ती धुरपताकडे मासे घ्यायला आली होती.

"मामा, रंग थांबवा थोडा."

"काऊन? डब्यात वाळून जाईन ना."

खुशबूने पर्समधून रुपयाचे नाणे काढले आणि माझ्या अंगावर वाजवत निघाली. डावीकडे टण, टण. उजवीकडे आली आणि आवाज भद्द झाला. जिथे जिथे भद्द वाजले, तिथे ती खडूने रेघ ओढत गेली. रेघेचे टोक टोकाला मिळाले, तेव्हा आत सुपाएवढी जागा अडकली होती.

"मडकं घेताना बाया वाजवून पाहातेत, तसंच झालं हे," धुरपता म्हणाली.

"तसंच, मामी. आतले थर सुटले आहेत."

"पाण्याचा तं एक थेंब येत नाही," केवळराम म्हणाला.

"येणारही नाही. शेवटपर्यंत गळणार नाही आणि एक दिवस एकदम दुमडेल."

"कोणत्या दिवशी?"

"दिवस नाही सांगता येत. तुकडा कापून तपासला, तर किती ताण सोसेल ते अंदाजानं सांगता येईल."

"पंचांगवाला दिवस सांगते. तू एवढी शिकून अंदाज सांगून राहिली." केवळराम हसला, मग हसू आवरले. "माणूस जिवंत हाय का पाहासाठी त्याची मान कापाची, असं झालं हे."

"भोक मी त्याच दिवशी बुजवून देईन. आणि खरं सांगू का? कॉलेजात आम्ही नव्या पट्ट्यांवर वजन टाकून बघतो. इतकी वर्षं खरा मार खाल्लेला नमुना मला दुसरीकडं मिळणार नाही."

"तेच तं म्हणतो. तुह्यं पुस्तक होईन अन् आमचा डोंगा जाईन."

धुरपताने मासे पिशवीत घातले, हात पदराला पुसले.

"काप तू. त्याच्यात मी बी बसतो, अन् मले पोहता येत नाही."

असे ते भोक पडले. खुशबूने त्यात नव्या चटया भरल्या, रेझिन लावले आणि जाताना बजावले, "निकाल येईपर्यंत पाण्यात घालू नका. घातलाच तर ठोकू नका."

मित्रांनो, तडा गेला की जग धावत येते. पकड सुटते तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून कोणी येत नाही. रोज कामाला येणाऱ्या वस्तूला नुसता रंग देऊ नका. रंगाआधी एकदा वाजवून पाहा आणि आवाज बदलला असेल तर ऐकून घ्या.

केवळराम आठवडाभर थांबला. मग मला पाण्यात घातले. ठोकले नाही, बांबू नुसता पाण्यावर आपटला. जाळे जवळपास रिकामे आले. त्याच संध्याकाळी खुशबूचा फोन आला. तुकड्याच्या तीन पट्ट्या केल्या होत्या. पहिलीने तिच्या अंदाजापेक्षा जास्त ताण सोसला. दुसरी जवळजवळ लगेच दुमडली. तिसरी अजून यंत्रात लावायची होती.

"म्हणजे अर्धा चांगला हाय," केवळराम म्हणाला.

"तसा अर्थ नाही, मामा. तिसरी होऊ द्या. तोवर जाऊ नका."

आज सकाळी आम्ही तलावाच्या मध्यावर आहोत. धुरपताने कमरेला तेलाची रिकामी कॅन बांधली आहे, झाकण घट्ट लावून.

"माह्यावर भरोसा नाही का तुहा?" केवळरामने विचारले.

"तुमच्या भरोशावर तं आली. कॅन पोहासाठी हाय."

त्याने बांबू उचलला. मग उजव्या कुशीला पाठ करून वळला. तिकडे खडू लागला होता, डावीकडे नाही. दुखऱ्या बाजूला जपायचे एवढेच त्याच्या मनात आहे. माझ्या डाव्या कुशीवर तो आता ठोकतो आहे आणि प्रत्येक ठोक्याला उजवीकडचे सुटलेले थरही आत सरकत आहेत. मासे जाळ्याकडे वळले आहेत. नागपुरात तिसरी पट्टी अजून यंत्रात लागलेली नाही.