आठवा उपास

बदामबाईंना स्ट्रेचरवरून आत आणलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि त्यांच्यामागून निम्मी बाजारपेठ कॅज्युअल्टीत घुसली होती. सगळ्यांच्या पुढे मुलगा रिषभ, तळोद्यातल्या मोठ्या कापडदुकानाचा मालक. वडिलांचं, म्हणजे माणकचंदशेठचं नाव या हॉस्पिटलच्या देणगीदारांच्या पाटीवर पहिलं आहे, हे त्यानं आईला काय झालंय ते सांगायच्या आधी दोनदा सांगून घेतलं.

निर्मला सिस्टरनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडलं. नवापूरकडची ही बाई बावीस वर्षं इथंच उभी होती. पाट्या वाचून तिनं कधी पेशंट तपासला नव्हता. म्हातारी घामानं थबथबलेली, हाक मारली तर ओ देत नव्हती. निर्मलानं बोटाला सुई टोचून साखर बघितली. चौतीस.

"यांना डायबेटिसची गोळी चालू आहे?"

"व्हती. आठ दिनपाईन बंद शे," रिषभ गुरकावला. "पर्युषणनी अठ्ठाई शे तिनी. आज आठवा उपास. फक्त उकळेल पानी, तेबी दिन शे तोपावत. सकाय वरघोडा शे, तिनी मिरवणूक, मंग पारणं."

नुसत्या उपासानं साखर इतकी खाली जात नाही, हे निर्मलाला खटकलं. पण खटकायलाही वेळ नव्हता. डॉक्टर इंद्रसिंग नवीन होते, गर्दीला बिचकलेले; तरी त्यांनी ग्लुकोज सांगितलं आणि निर्मलानं शीर शोधली. रिषभनं तिचं मनगट धरलं.

"कोले इचारं तू सुई लावाले? ग्लुकोज म्हणजे साखर. मन्ही मायना उपास मोडशी का?"

"हात सोडा."

"चर्चमा जाणारी बाई ही," मागून कुणीतरी म्हणालं. "हिले आम्हना धरम काय समजी?"

कुणी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. निर्मलानं हात झटकला आणि सुई आत घातली. दहा मिनिटांत बदामबाईंनी डोळे उघडले. उपकार मानायचं राहिलं बाजूला. शिरेतून गेलेलं तोंडाला लागत नाही, म्हणजे उपास शाबूत, असा निवाडा त्या गर्दीनं जागच्या जागी करूनही टाकला.

"काढ सुई," रिषभ म्हणाला. "घर लई जातस."

तेवढ्यात निर्मलाचं लक्ष सुनेकडे गेलं. फाल्गुनी भिंतीला चिकटून उभी होती. सासू शुद्धीवर आली तरी तिच्या चेहऱ्यावरचा रंग परत आला नव्हता. कपडे बदलायचेत म्हणून निर्मलानं सगळ्यांना बाहेर काढलं, फाल्गुनीला तेवढं ठेवलं, पडदा ओढला आणि तिला कोपऱ्यात नेलं.

"काय दिलंस त्यांना?"

फाल्गुनी पडद्याकडे बघत कुजबुजली. "सुरतच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी एक दिवस चुकवायची नाही. पाच दिवस मी धीर धरला. मग वाटलं, काही झालं तर? परवापासून उकळलेल्या पाण्यात विरघळवून देतेय. त्यांना न सांगता."

निर्मलाला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. रिकाम्या पोटी गोळी! आणि दुसऱ्या क्षणी त्या पोरीची कीव आली. या घरात तिनं आठ दिवसांच्या तपात चोरून औषध कालवलं होतं, तेही मायेपोटी. हे बाहेर कळलं तर रिषभ तिला आजच्या आज माहेरी धाडेल. न कळलं तर म्हातारीला घरी नेतील, अंगातली गोळी रात्रीत साखर पुन्हा खाली खेचेल आणि घरचे म्हणतील, दमलीय, झोपू दे.

तिनं डॉक्टरांच्या कानावर घातलं. 'पोटात डायबेटिसची गोळी आहे' असं केसपेपरवर लिहिलं. कुणी दिली ते लिहिलं नाही. डॉक्टरांनी बाहेर जाऊन उद्यापर्यंत ठेवावं लागेल म्हणून सांगितलं. रिषभनं कागद मागितला. स्वतःच्या जबाबदारीवर नेतो, म्हणाला.

मग निर्मला म्हातारीपाशी येऊन वाकली. देह तिचा, उपास तिचा; विचारायचं तर तिलाच.

"बाई, तुमच्या पोटात गोळी गेलीय. तोंडानं साखर घेतली आणि उद्यापर्यंत इथं राहिलात तर धोका टळेल. घरी गेलात तर मी काही सांगू शकत नाही."

"दोन दिनपाईन पानी कडू लागे," बदामबाई हळूच म्हणाल्या. "माले वाटनं, मन्ही जीभच कडू व्हयनी." त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. फाल्गुनीनं तोंडावर पदर दाबला.

"आन," बदामबाई म्हणाल्या. निर्मलानं साखरेचं पाणी दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी पेला धरून सगळं पिऊन टाकलं, रिकामा पेला निर्मलाच्या हातात दिला आणि खणखणीत हाक मारली, "रिषभ!"

पडदा सरकला.

"या सिस्टरनी माले साखरनं पानी पाजं. जबरदस्ती."

म्हातारी निर्मलाकडे बघत होती, डोळ्याची पापणीसुद्धा न लववता.

"हो," निर्मला म्हणाली. "मी पाजलं."

रिषभनं ट्रे उडवला. तो तिच्या कोपराला लागून खाली आदळला. "तुन्ही नोकरी खाई टाकसू!" बायका रडायला लागल्या, मोबाइल तिच्या तोंडासमोर आले, कुणी तिच्या जातीवर गेलं, कुणी आईवर. वरघोडाच राहिला नाही, तेव्हा घरी नेण्याची घाई कुणाला? सगळा जथा तावातावानं ट्रस्टींच्या खोलीकडे गेला.

"सिस्टर, खरं सांगा ना त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"त्यांना काय सांगायचं ते पेशंटनं ठरवलंय, डॉक्टर."

सहा वाजता साखर पुन्हा एक्केचाळीसवर आली. सुई लावलेलीच होती. निर्मलानं ग्लुकोज सोडलं. सात वाजता शिपाई चिठ्ठी घेऊन आला: चौकशी होईपर्यंत उद्यापासून कामावर येऊ नये. फाल्गुनीनं ती वाचली आणि ताडकन उठली. "मी सांगते त्यांना. आत्ता सांगते."

बदामबाईंनी तिचा पदर पकडून तिला खाली बसवलं.

"मन्हा उपास गया," त्या निर्मलाला म्हणाल्या. "तुन्ही नोकरीबी जाई. हिनं घर तं ऱ्हावू दे."

निर्मलाच्या डोक्यात सणक गेली. तिची नोकरी खर्ची घालताना तिला कुणी विचारलं होतं? तिनं फाल्गुनीकडे पाहिलं, चिठ्ठीची घडी करून खिशात घातली आणि म्हातारीचा हात जवळ ओढला.

"बोट द्या इकडं. आठ वाजेपर्यंत ड्युटी आहे माझी."