भाषण चालू असताना पळवलेलं झाड

आमच्या थोरल्या झेफलिंग गावचं झाड चोरीला गेलं, त्याचं मला काडीचंही दुःख झालं नाही. झाडं चोरीला जातातच. शेजारच्या धाकट्या झेफलिंगच्या पोरांनी ते न्यावं आणि आम्ही बिअर पाजून परत आणावं, हे माझ्या आजोबांच्या आजोबांपासून चालत आलंय. पण त्या चोरीसाठी माझा सख्खा भाऊ पोलिसांना फोन करेल, हे मी स्वप्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

मी रोझिना. चर्चसमोरची खानावळ माझी. खाली बिअर आणि जेवण, मागे सभेचा हॉल, वर मी आणि माझी गुडघेदुखी. क्विरिन माझा धाकटा भाऊ, गावभर नळ बसवतो. बायको सोडून गेली तेव्हापासून संध्याकाळी तो फोन बघत बसायला लागला, आणि त्या फोनमधून परदेशी लोक नकोत म्हणणारा 'आपली माती' पक्ष कधी त्याच्या घरात शिरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. आमचा जुना सरपंच हिवाळ्यात वारला. जूनमध्ये निवडणूक लागली आणि क्विरिन उमेदवार झाला.

आता झाडाचं सांगते. एक मे रोजी चौकात उभं करायचं म्हणून जंगलातून सरळसोट उंच झाड आणतात, सोलतात, निळंपांढरं रंगवतात आणि तो दिवस येईपर्यंत गावात राखतात. शेजारच्या गावाने ते पळवायचं असतं. राखणदाराने किंवा गावातल्या कुणीही झाडावर हात ठेवून "हे झाड इथेच राहील" असं म्हटलं, की चोरांनी मुकाट घरी जायचं. कुणी तसं म्हणू शकलं नाही, तर झाड गेलं. मग बोलणी करायची, पिंपभर बिअर आणि डुकराचं भाजलेलं मांस द्यायचं, झाड वाजतगाजत परत आणायचं. मारामारी नाही, करवत नाही आणि पोलीस तर नाहीच नाही. झाडासाठी पोलीस बोलावणाऱ्या गावाची मग नातवंडांच्या लग्नातसुद्धा टिंगल होते.

राखणीचं काम गावातल्या तरुण पोरांचं. पण यंदा क्विरिन म्हणाला, "आपल्या परंपरेचं रक्षण आपला पक्ष करील." झालं. त्याच्या गोदामाच्या अंगणात झाड आडवं ठेवलं, भोवती कुंपण, वर झगझगीत दिवा, खांबावर कॅमेरा आणि सभोवती पक्षाचे आठ राखणदार. त्यातल्या सर्वांत तरुण माणसाला नातू होता.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये पक्षाची सभा झाली. जिल्ह्याचा प्रमुख डेटलेफ भाषणाला आला होता. हा मूळचा लांब उत्तरेकडच्या हॅनोव्हरचा, निवृत्त होऊन आमच्या तळ्याकाठी राहायला आलेला. उत्तरेकडच्यांना आम्ही प्रशियावाले म्हणतो, आणि कौतुकाने म्हणत नाही. सभेत बिअरचा पहिला मग पक्षाच्या खर्चाने होता, त्यामुळे आठही राखणदार पहिल्या रांगेत हजर. गावची वाजंत्री बसलेलीच होती.

"आपण झोपलेले असताना," डेटलेफ टेबलावर मूठ आपटत म्हणाला, "आपली संस्कृती आपल्या डोळ्यांसमोरून पळवून नेली जाते आहे."

टाळ्या पडल्या, वाजंत्रीने दणका दिला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीमागच्या खिडकीतून मला आमचं झाड जाताना दिसलं. पुढे ट्रॅक्टर, मागे लाकडं वाहायची गाडी, आणि झाड हळूहळू, सगळंच्या सगळं, खिडकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे. शेवटी मागच्या टोकाला बांधलेलं लाल फडकं, आणि फडक्यामागून चालणारा फिलमोन. त्याने मला बघून टोपी उचलली.

मी धावत जाऊन हात लावला असता तर झाड वाचलं असतं. पण माझ्या दोन्ही हातांत मग होते, आणि राखणीचं काम पक्षाने घेतलं होतं. मला कुणी विचारलं होतं का? मी मग टेबलावर ठेवले आणि भाषण ऐकत उभी राहिले. इतकं रंगलेलं भाषण मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

फिलमोन धाकट्या झेफलिंगच्या कास्पर सुताराकडे कामाला आहे. इरिट्रियाहून सतराव्या वर्षी एकटा समुद्र ओलांडून आला, कास्परने त्याला हाताशी घेतलं आणि आज तो आसपासच्या सगळ्या छपरांवर माकडासारखा चढतो. माझं छप्पर त्यानेच दुरुस्त केलं. रविवारी न चुकता चर्चला जातो, जे आमच्या पक्षातल्या एकाबद्दलही म्हणता येणार नाही. त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला होता आणि मे महिन्यात त्याला कचेरीत बोलावलं होतं. वर्षभर तो त्याच एका तारखेकडे डोळे लावून होता.

सभा संपली आणि अंगण रिकामं दिसलं. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात तसे आठही राखणदार कुंपणाला कुलूप आहे का ते बघायला लागले. मग सगळे कॅमेऱ्यात काय आलंय ते बघायला माझ्या हॉलमध्ये परत आले. चार जणांच्या पाठी दिसत होत्या. पाचव्याचा चेहरा दिसत होता, कारण त्याने कॅमेऱ्यालाही टोपी उचलून नमस्कार केला होता.

"हा कोण?" डेटलेफने विचारलं. त्याचे डोळे लकाकले होते.

"फिलमोन. कास्परचा," कुणीतरी म्हणालं.

"म्हणजे परदेशी माणसाने तुमची परंपरा चोरली. तुम्हाला कळतंय का तुमच्या हाती काय लागलंय? क्विरिन, पोलिसांना फोन लावा."

क्विरिनने डोकं खाजवलं, खाली बघितलं, माझ्याकडे बघायचं टाळलं आणि फोन लावला. संध्याकाळपर्यंत ते चित्रीकरण पक्षाच्या लोकांनी देशभर फिरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे धाकट्या झेफलिंगची मंडळी बोलणी करायला आली. पुढे कास्पर, मागे फिलमोन, सगळ्यांच्या अंगावर सणाच्या कातडी चड्ड्या. माझ्या खानावळीत बघतात तर हवालदार वास्टल कागद पसरून बसलेला आणि त्याचा चेहरा सुतकात असल्यासारखा.

"फिलमोन," तो म्हणाला, "मला तुझा जबाब घ्यावा लागतोय. मला फार लाज वाटतेय."

कास्पर आधी हसला, कारण त्याला ती चेष्टा वाटली. मग त्याने कागद वाचला आणि त्याचं हसू मावळलं. "वास्टल, इथे एकाचंच नाव आहे. आम्ही पाच जण होतो. माझं नाव घाल. ट्रॅक्टर माझा आहे."

"तक्रारीत एकच नाव आहे. माझ्या हातात नाही रे."

"तर मग झाड विसरा," कास्पर म्हणाला. "ते आमच्या चौकात उभं राहील, आणि खाली पाटी लागेल की थोरल्या झेफलिंगने पोलीस बोलावले."

सगळे गेल्यावर फिलमोन काउंटरशी आला. "रोझी, पोलिसांत काही चालू असलं की माझी फाइल थांबते. एक वर्ष, दोन वर्षं, किती ते कुणी सांगत नाही." त्याने टोपी हातात चुरगाळून ठेवली होती. "मी नियमांत काही चुकलो का?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "तुझ्याइतके नियम तर आमच्यातल्या कुणी पाळले नाहीत." आणि मला क्विरिनचा असा राग आला की मी तडक जाऊन बिअरचा नळ बंद केला.

दारावर पाटी लावली: झाडासाठी पोलीस बोलावणाऱ्या गावात बिअर मिळणार नाही. तक्रार मागे घेतल्यावर यावे.

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. आमच्या गावात दुसरी खानावळ नाही, आणि सर्वांत जवळची आहे ती धाकट्या झेफलिंगमध्ये. तिथे कुठलं तोंड घेऊन जाणार? पत्ते कुटणारे म्हातारे चर्चच्या पायऱ्यांवर लिंबूपाणी पीत बसले. त्यांची तोंडं बघून मला जवळजवळ दया आली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी क्विरिनचं नाव, आणि नावाआधी एकेक विशेषण.

बुधवारी क्विरिन स्वयंपाकघराच्या दाराने आला.

"रोझी, एक मग दे."

"पोलिसाकडे माग."

"अगं, डेटलेफ समोर उभा होता. सगळे बघत होते."

"हॅनोव्हरचा माणूस तुला शिकवणार, झाड गेलं की काय करायचं ते? आणि तू आयुष्यात किती झाडं पळवलीस रे? पाद्रीबाबांच्या दारातून कुणी नेलं होतं?"

त्याला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. "मला त्या पोराचं वाईट करायचं नव्हतं. बाकीच्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या, मग मी नावं कशी देणार?"

"कास्परची पाठ तुला ओळखता येत नाही? शाळेत सगळी वर्षं तू त्याच्याच पाठीमागे बसून त्याचं बघून लिहिलंस."

क्विरिन खुर्चीवर बसला.

"त्याची फाइल थांबलीय," मी म्हटलं. "मजा म्हणून टोपी उचलली, त्यापायी. तुला लाज नाही वाटत? मला वाटते. आई असती तर तिने तुला जेवायला वाढलं नसतं."

"वास्टल पोलीस चौकीत असेल का आत्ता?" त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता उठला.

क्विरिनने तक्रार मागे घेतली आणि वास्टलने लिहिलं की हा जुना रिवाज आहे, चोरी नव्हे, तक्रारदाराला ते मान्य आहे. लिहिताना तो शीळ घालत होता म्हणे. मी नळ उघडला आणि अर्धं गाव आत आलं. मागोमाग डेटलेफही आला, लालबुंद होऊन.

"क्विरिन, निवडणुकीचा मुद्दा तुम्ही आपल्या हाताने घालवलात. अशा गोष्टी कायद्यानेच—"

"डेटलेफ," क्विरिन म्हणाला, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण तुम्ही बाहेरचे. तुम्हाला आमच्याकडचं नाही कळायचं."

डेटलेफचा चेहरा पडला. अकरा वर्षं इथे राहतो, कर भरतो, कुत्र्याला रोज तळ्यावर फिरवतो. हे वाक्य त्याने शेकडो वेळा उच्चारलं असेल, पण त्याच्या स्वतःच्या कानांवर ते कधी पडलं नव्हतं. हॉल मात्र हसून हसून लोटपोट झाला, आणि मीही हसले.

पिंप क्विरिनने दिलं, डुक्कर मी भाजलं. एक मे रोजी झाड वाजतगाजत परत आलं आणि दोन्ही गावांनी मिळून लांब वाशांच्या आधाराने ते उभं केलं. सर्वांत वरच्या दोराची गाठ फिलमोनने चढून सोडवली. खाली आला तेव्हा क्विरिनने त्याच्या गळ्यात हात टाकला आणि त्याच्या मगाला मग भिडवला. "हा आपला," तो सगळ्यांना सांगत सुटला. "मी बोलतो ते बाकीच्यांबद्दल. हा आपला." कचेरीत फिलमोनचं काम अडलं नाही. मी नि:श्वास टाकला आणि विषय संपला असं धरून चालले.

जूनमध्ये क्विरिन निवडून आला, आणि चांगल्या मतांनी आला. चूक कबूल करणारा, पिंप देणारा, प्रशियावाल्याचं तोंड बंद करणारा माणूस लोकांना आवडला. मी त्याला खड्ड्यातून बाहेर काढलं ते याच्यासाठी? त्या झाडाखाली फिलमोनबरोबर बसून प्यायलेल्यांपैकीच निम्म्यांनी ही मतं दिली होती, कारण दुसरं कोण देणार? गावात आम्ही तेवढेच आहोत. मी रात्रभर माझ्यावरच चरफडत राहिले.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे माझ्याकडे जमले. कास्पर आणि फिलमोनसुद्धा अभिनंदन करायला आले, शेजारधर्म म्हणून. क्विरिनने पुन्हा फिलमोनच्या गळ्यात हात टाकला. "तू काही घाबरू नकोस. मी सरपंच झालोय. तू आमचा."

"मला एक विचारायचंय," फिलमोन म्हणाला. "ते बाकीचे म्हणजे कोण?"

"बाकीचे म्हणजे... बाकीचे रे."

"औषधाच्या दुकानातली रीमा?"

"छे, रीमा किती चांगली आहे. माझ्या रक्तदाबाची गोळी तीच देते."

"तुमच्या मावशीला आंघोळ घालायला येते, ती रोमानियाची मिहाएला?"

"मिहाएला तर घरचीच."

"स्टेशनजवळचा कबाबवाला?"

"यिल्माझ? त्याची पोरं आपल्या संघातून खेळतात. काय विचारतोस?" लोक हसायला लागले. क्विरिनही हसला. "अरे, जे इथे आहेत ते सगळे आपलेच. मी म्हणतो ते, जे इथले नाहीत ते."

फिलमोनने मान हलवली. तो हसत नव्हता. "सोमवारपासून आमचं शहरात छपराचं काम आहे. मी बसने जाणार. बसमधून उतरलो की मी तुझा आहे हे तिथे कुणाला माहीत नसतं. तिथे मी बाकीच्यांतलाच. काल स्टेशनवर एकाने मला ओळखलं, त्या चित्रीकरणातला झाडचोर म्हणून. त्याच्या कोटावर तुझ्याच पक्षाचा बिल्ला होता. त्याला मी काय सांगू?"

हसणं थांबलं. क्विरिनने हात अजून त्याच्या गळ्यातून काढला नव्हता, आणि आता तो काढावा की ठेवावा ते त्याला कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं. लहानपणी फळ्यावरचं गणित अडलं की वर्गाच्या खिडकीतून तो माझ्याकडे असाच बघायचा, आणि मी बोटं करून उत्तर दाखवायची.

मी बिअरचे मग पुसत होते, ते पुसत राहिले.

"सांग ना त्याला," मी म्हटलं. "सरपंच तू आहेस."