निवांत बसून बोलू

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत आयटी डिपार्टमेंट नावाची एक खोली होती. तिथे दोन साहेब आणि एक एसी होता, आणि तिघांत एसीच काय तो काम करी. उरलेलं काम जिते गावाहून रेल्वेने येणारी नम्रता करायची. ती इंटर्न, म्हणजे शिकायला आलेली. इथे ती काय शिकली, तर अकाउंट्सवाल्यांचे अडलेले पासवर्ड सोडवून देणं, प्रिंटरात अडकलेला कागद ओढून काढणं आणि प्रविण सरांचा महिन्याचा रिपोर्ट प्रविण सरांच्या नावाने लिहिणं.

आता तिची इंटर्नशिप संपत आली होती. कंपनी म्हणत होती, ठेक्यावर राहा, काम हेच. तिकडे पुण्याच्या एका लहानशा कंपनीतल्या मॅडमनी फोनवर मुलाखत घेऊन तिला सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला निवडलं होतं. सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. घरात कॉलेज पाहिलेलं कोणी नव्हतं. नम्रताला वाटलं, इतकी वर्षं या धंद्यात मुरलेली माणसं समोर बसली आहेत, त्यांनाच विचारावं.

तिने विचारलं. प्रविण सर म्हणाले, "अगं, करिअरचं असं उभ्याउभ्या बोलतात का? निवांत बसून बोलू." हर्षद सरांनीही तेच सांगितलं, फक्त मोबाइलवरून डोळे न काढता. दोघे दिवसभर निवांतच बसलेले असत, पण बोलायचा निवांतपणा काही निराळा असावा. चार वेळा विचारून तिने नाद सोडला.

घरी हे दाजीकाकाच्या कानावर गेलं. दाजीकाका तिचा चुलता. तो म्हणाला, "उपाशी पोटी कोण शहाणपण सांगेल गो? शेंगा भरल्यात. पोपटीला बोलव, धावत येतील."

तसंच झालं. पोपटीचं नाव काढताच दोन्ही साहेबांना रविवार मोकळा सापडला. प्रविण सरांच्या गाडीतून दोघे दिवस मावळायच्या आत शेतावर हजर.

पोपटीसाठी दाजीकाकाने दोन मडकी भरली होती. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी नि बटाटे, तोंडाशी पुन्हा पाला. मडकी उपडी घालून त्याने भोवती पेंढा रचला आणि पेटवून दिला. साहेबांसाठी शेजारून खुर्च्या आणल्या होत्या. त्यांवर बसून मार्गदर्शन सुरू झालं.

"त्या पुण्याच्या कंपनीचं नाव तरी ऐकलंय का कुणी?" प्रविण सर म्हणाले. "दिवसभर दुसऱ्याच्या चुका शोधत बसायचं, हे काय काम झालं? इथे घरचं जेवण आहे. ठेक्यावर राहा. पुढे मी आहेच."

हर्षद सर म्हणाले, "कुठेही राहा, पण एआय शीक. बाकी सगळं संपणार आहे."

"सुरुवात कुठून करू, सर?"

"यूट्यूबवर आहे ना सगळं."

"तुम्ही कुठून शिकलात?"

"मला कुठे वेळ आहे!"

एवढ्यात प्रविण सरांचं लक्ष विस्तवाकडे गेलं. "काका, झालं. काढा आता."

"अजून नाय साहेब. वर पाणी शिंपडलं की चर्र करून उडालं पायजे."

"अहो, दर थंडीला आम्ही पोपट्या खातो. आम्हाला सांगता? काढा!"

दाजीकाकाने नम्रताकडे एकवार पाहिलं आणि मुकाट्याने एक मडकं बाहेर ओढलं. साहेब शेंगांवर तुटून पडले.

"ए वन!" प्रविण सर म्हणाले.

"याला म्हणतात अस्सल चव," हर्षद सरांनी पुस्ती जोडली.

नम्रताने एक दाणा तोंडात टाकला. कच्चा होता, करकरीत आणि कडवट. तिने साहेबांकडे पाहिलं. ते मान डोलावत चावत होते. पुढे मी आहेच म्हणतानाही प्रविण सरांनी मान अशीच डोलावली होती.

निघताना हर्षद सर आधी गाडीत बसले. प्रविण सरांनी नम्रताला बाजूला बोलावलं आणि आवाज खाली आणला. "त्या पुण्याच्या मॅडमचा नंबर पाठव मला. अनुभवी माणसं घेतात का, सहज विचारायचंय. ऑफिसात बोलू नकोस."

"पण सर, त्या कंपनीचं नाव तर कुणी..."

"अगं, ते तुझ्यासाठी म्हटलं!"

नम्रता म्हणाली, "नंबर कशाला, सर? मी जातेच आहे तिथे. रुजू झाले की तुमच्यासाठी विचारीन. निवांत बसून बोलू."

प्रविण सर गाडीत शिरले. गाडी नागोठण्याच्या बाजूला धूळ उडवीत गेली.

"काय सांगितलं गो साहेबांनी?" तिची आई मालू पुढे आली.

"पुण्याला जा म्हणाले."

"खरंच म्हणाले?"

"तोंडानं नाय म्हणाले. नंबर मागितला."

दाजीकाका खो-खो हसला. मालूच्या डोक्यात भलतंच होतं. "मग त्यांचा तो रिपोर्ट कोण लिहील?"

"एसी लिहील," नम्रता म्हणाली.

दुसरं मडकं अजून निखाऱ्यात होतं. तिने तांब्यात बोटं बुडवून वर पाणी शिंपडलं. थेंब मडक्यावरून ओघळले.

"काढू?" दाजीकाकाने विचारलं.

"अजून नाय," ती म्हणाली, आणि साहेबांच्या रिकाम्या खुर्चीत बसून पुण्याच्या मॅडमना होकार लिहायला लागली.