हंसाबाईच्या मुलखाला

आकारामआबांना उभ्या जन्मात एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे धीर धरणं. एकाहत्तरची लढाई लढलेला, सुभेदार होऊन निवृत्त झालेला पंच्याहत्तरीचा गडी. पण नातीचा फोन आला, "आबा, मी सैन्यात भरती झालो!" (कोल्हापूरची पोरगी ती, 'झाले' कशाला म्हणेल?) आणि पुढचं ऐकायला थांबतोय कोण! फोन खाटेवर फेकून हा बाबा थेट चौकात. कुठलं सैन्य, हे विचारायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. पेठ वडगावजवळच्या त्या गावात घरटी एक फौजी. तिथं सैन्य म्हटलं की एकच, त्यात विचारायचं काय?

दुपारपर्यंत पेढे वाटून झाले. संध्याकाळी तालमीच्या सम्राटनं चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. वर तिरंगा, मध्ये प्रियदर्शनीचा फोटो, खाली तालमीतल्या यच्चयावत पोरांचे गॉगल लावलेले फोटो. ती गावी येईल त्या दिवशी सत्कार, हलगी, फेटा, सगळं ठरून गेलं.

प्रियदर्शनी पोलंडमध्ये नोकरीला होती. आली ती बॅग सोप्यात टेकवून आधी आबांसमोर बसली.

"फोन का टाकला, आबा? मी ओरडत हुतो. आपल्या न्हाय, पोलंडच्या सैन्यात घेतलंय मला. पणजीच्या नात्यानं तिथलं नागरिकत्व मिळालं."

"आन् हितलं?"

"हितला पासपोर्ट परत केला. दोन्ही ठेवता येत न्हाईत."

ही पणजी म्हणजे आबांची आई, हंसाबाई. मूळची हान्का. महायुद्धात घरादारातून उपटून सैबेरियाच्या बर्फात टाकलेली, तिथून इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित छावणीत पोचलेली पोलिश पोरगी. छावणी उठली, बाकीची माणसं गेली. ही मात्र आबांच्या वडिलांशी लग्न लावून राहिली. हान्काची हंसाबाई गावानंच केली. लुगडं नेसून चुलीपुढं बसायची आणि भाकरी अशी थापायची की सासवांनी बघत राहावं. आबांचे घारे डोळे तेवढे तिचे.

पण हे त्या घडीला कुणाला आठवतंय! आबा उसळले. "माझं आख्खं आयुष्य ह्या वर्दीत गेलं, आन् माझी नात दुसऱ्याचं मीठ खाणार? चौकात तोंड कसं दावू मी? माझा आशीर्वाद न्हाय, जा!"

दुसरी कोणी असती तर रडली असती, नाहीतर भांडली असती. ही जागची हलली नाही की आवाज चढवला नाही. वाघीण नुसती!

"त्यो आशीर्वाद घ्यायलाच एवढ्या लांबनं आलो," ती म्हणाली. "त्याच्याबिगर वर्दी अंगाला लागायची न्हाय माझ्या. पर एक सांगा. एकाहत्तरला पणजीनं तुमाला लढाईला धाडलं. तवा तिचा देश कुठला हुता?"

आई असेपर्यंत हे तिला कधी विचारावंसं वाटलं नाही, याची आबांना भारी लाज वाटली. तेवढ्यात चौकात हलगी कडाडली आणि सम्राट बोलवायला आला. आबा उठले. प्रियदर्शनी मागोमाग निघाली.

चौकात गाव लोटलेलं. आबांनी माइक ओढून घेतला.

"गप बसा सगळी! माझी चूक झाली. पोरगी सैन्यात गेली हे खरं, पर आपल्या न्हाय. पोलंडच्या."

हलगी थांबली. पुढंच बसलेली बयाबाई, आबांपेक्षाही थोरली आणि जिभेनं फटकळ, ती कशाला गप बसतीय! "मग पेढं कशाचं खाल्लं आम्ही? पोरगी परक्याला दिली, आन् वर हलगी लावतोयस व्हय रं?"

"सांगतो की! माझी आय हितं आली तवा तिच्या पायात चप्पल नव्हती. तुझ्याच सासूनं तिला पयलं लुगडं नेसवलं, बयाबाई. पुढं लढाई लागली, मी निघालो. लोक तिला म्हणाली, एकुलता एक हाय, नको धाडू, तुझा थोडाच ह्यो देश? तर म्हणाली, ज्यांनी भाकरी दिली त्यांच्या दारात माझं पोरगं हुबं ऱ्हाणार." आबा गावाकडं वळले. "तिनं आपला एकुलता एक तुमाला दिला. तिच्या मुलखाला आपण आजवर काय दिलं? काय बी न्हाय. आज माझी नात देतोय."

बयाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि आजूबाजूच्या बायकांवर खेकसली, "आगं, मग बघत काय बसलायसा? ताट आणा की ओवाळायला!"

ओवाळून झाल्यावर प्रियदर्शनी आबांच्या पाया पडली. आबांनी तिला उठवलं, फेटा हातात घेतला. "माझी आय मला धाडताना रडली न्हवती," ते म्हणाले, "मी बी रडणार न्हाय." तिच्या डोक्यावर पहिला वेढा नीट बसला. दुसऱ्या वेढ्याला भर चौकात ढसाढसा रडले. फेटा शेवटी सम्राटला पुरा करावा लागला.