गरम मिठाचा बेत

कम्प्युटरवर प्रोग्राम लिहून पोट भरणाऱ्या त्या गृहस्थाला अख्खी बिल्डिंग लॉजिकभाऊ म्हणायची. एके दिवशी त्याने जिन्यात छाती फुगवून सांगून टाकलं, “आता आमच्या घरात ‘आज जेवायला काय?’ हा प्रश्नच बंद! पायथनमध्ये प्रोग्राम लिहून सगळं बसवलंय.”

“आठवडाभर टिकव,” खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला. “कुणी एकदा जरी विचारलं, तर माझ्या दुकानाच्या काचेत झालरीचा फ्रॉक घालून पुतळा व्हायचं. भर बाजारात!”

“आणि मी जिंकलो तर तू व्हायचं.”

“होईन की. शिवतो तो घालायची कसली लाज?”

लॉजिकभाऊला मात्र होती. त्याचा साहेब रोज त्याच रस्त्याने जायचा.

त्याने ‘माणूस’ नावाचा साचा केला आणि त्यातून आई, बायको, लेक, मेहुणा असे एकेक नग पाडले. ज्याला जे आवडत नाही ते त्याने मशीनला सांगायचं, बेत मशीन ठरवणार. आईने वांग्याला नाक मुरडलं, वांगं गेलं. लेकीने कोबी उडवला, बायकोने मासे. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणाऱ्या मेहुण्याने तर हिरवं दिसेल ते सगळंच कापलं. मग अंडी गेली, बटाटे गेले, भातसुद्धा गेला.

“मशीन बरोबर आहे,” लॉजिकभाऊ म्हणायचा. “तुमचेच नखरे फार.”

शुक्रवारी स्क्रीनवर आलं: दुपारी मीठ. रात्री मीठ, गरम करून.

“भाऊजी, मीठ फक्कड जमलंय हं,” मेहुणा बशी चाटत म्हणाला.

“खा मुकाट्याने,” बायको म्हणाली. “ह्यांना फ्रॉक नकोय ना!”

लॉजिकभाऊने कोडमध्ये डोकं खुपसलं आणि कपाळावर हात मारला. “अरे देवा! नावडत्याची यादी ज्याची त्याच्याकडे ठेवायची, ती मी साच्यातच ठेवली! सगळ्यांची मिळून एकच! एकानं नाक मुरडलं की घरादाराचं मुरडतंय!”

“मग करा की दुरुस्त.”

“करतो गं, पण पोटात कावळे कोकलतायत. आधी सांग, आज जेवायला काय?”

खालच्या खिडकीत कान लावून बसलेल्या शिंप्याने अशी शिट्टी मारली की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात लॉजिकभाऊ काचेत उभा. गुलाबी फ्रॉक, तीन थरांची झालर, खाली केसाळ पाय. बाहेर सगळी बिल्डिंग. तेवढ्यात साहेब थांबला, काचेला नाक लावून न्याहाळू लागला.

“पुतळा जरा ढेरपोट्या आहे हो.”

“घरगुती माप आहे, साहेब,” शिंपी म्हणाला.

गर्दीतून आई ओरडली, “अरे मेल्या, पोट आत घे!”

लॉजिकभाऊने घेतलं, तशी छाती फुगली आणि फ्रॉकचं मागचं बटण टणकन उडालं.